सरीचं तोंड

डॉक्टरीणबाईंनी टेबलावरचा प्लॅस्टिकचा मेंदू सीताफळासारखा उकलला आणि कपाळामागच्या भागावर पेन टेकवलं.

"हातातलं काम धरून ठेवायचं, मधेच आलेल्या विचाराला थांब म्हणायचं, ही सगळी इथली कामं. वैष्णवीच्या मेंदूत इथून आत जाणारे निरोप ढिले पडत असावेत. आळस नाही हा."

"मंग नवा बसवून मिळतो का?" वैष्णवीच्या वडिलांनी, बजरंगरावांनी विचारलं.

"नाही मिळत. म्हणून आहे त्यालाच गोळी देतो," बाई तितक्याच कोरडेपणाने म्हणाल्या.

मथुराबाईंनी मांडीवरची पिशवी उगाच पुन्हा नीट केली. मांजरी गावाहून येताना नवरा रिक्षातून सारखा बाहेरच बघत होता. शेजारी बसलेली लेक, वैष्णवी, हिंजवडीत कंपनीत नोकरीला होती. हुशार, पण अर्धवट सोडलेल्या कामांपायी तिला शेवटची समज मिळालेली. आता सुधारणा दिसली नाही तर नोकरी जाणार. गोळी घरात चोरून घ्यायची नाही, बाबांनी हो म्हणायला हवं, हा तिचा हट्ट. आणि बाबांचं एकच पालुपद: डोक्याची गोळी खानारीला कोन करून नेनार? वेंधळी हाय, येळंवर मार बसला न्हाई म्हनून.

"नुसता मेंदूचा फोटो काढून हे ओळखता येत नाही," बाई म्हणाल्या. "त्यामुळे लहानपण विचारावं लागतं. आई, तुम्ही सांगा. कशी होती?"

मथुराबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. बजरंगरावांनी मेंदूचा एक अर्धा भाग हातात घेतला होता आणि ढेकूळ पारखावं तसा उलटासुलटा करत होते.

"एकदा पाटाच्या पान्याची पाळी होती," मथुराबाई हळूच म्हणाल्या. "उसाला दारं धरायला, म्हंजी सरीसरीनं पानी द्यायला उभं केलेलं. एक सरी भरली का माती वढून तिचं तोंड बुजवायचं, फुडचीचं फोडायचं. काम एवढंच. पन बांधावर मुंगसाची जोडी निघाली, आन ध्यान गेलं तिकडं. पानी शिरलं शेजारच्या सर्जेरावांच्या कांद्यात. समदी रोपं व्हाऊन गेली. मंग बाभळीला बांधून वल्या फोकानं मारलं. मार खाताना एकच म्हननं, मुद्दाम न्हाई केलं, मला पानी दिसलंच न्हाई."

"आई, काय बोलतेयस? मी कधी दारं धरलीयत? आणि मला कुणी—"

मथुराबाईंनी लेकीच्या गुडघ्यावर हात ठेवला. मान वर केली नाही.

बजरंगरावांच्या बोटांची हालचाल थांबली होती.

"ती न्हाई," ते म्हणाले. "मी हुतो."

लग्नाच्या पहिल्या वर्षी सासूने ही गोष्ट हसत हसत सांगितली होती. मथुराबाईंना हसू आलं नव्हतं. त्याच हंगामात त्यांनी नवऱ्याला उसात पाहिलं: फावड्यावर हनुवटी, नजर आभाळात एका घारीवर, आणि पायाशी भरून वाहायला आलेली सरी. हाक मारली असती तर माणूस दचकला असता, शरमला असता. त्यांनी खुरपं चालवता चालवता गळा मोकळा केला.

पानी चाललं चाललं, उसाच्या गं सरीमंदी
धनी माझं उभं ऱ्हाती, कुन्या गावाच्या येशीमंदी

घार सोडून नजर खाली आली. फावडं चाललं. तेव्हापासून पाण्याची पाळी आली की त्या बांधावर काहीतरी काम काढून बसत, आणि सरी भरत आली की आवाज चढवत. बजरंगराव चारचौघांत सांगत, आमच्या हिला लई गान्याचा नाद. या गोष्टीवर दोघं कधी बोलले नव्हते.

"मग आता ऊस कसा भिजतो तुमचा?" बाईंनी विचारलं. या खेपेला आवाजात कोरडेपणा नव्हता.

"भिजतो," बजरंगराव म्हणाले.

त्यांनी मेंदूचे दोन्ही भाग जुळवले. नीट बसेनात, तेव्हा वैष्णवीने हात पुढे करून खाच दाखवली. दोघांनी मिळून तो टेबलावर ठेवला.

"गोळी लिवा, बाई," बायकोकडे न बघता ते म्हणाले. "हिंजवडीत पोरीपाशी बसून कोन गानार हाय?"