देहाला दुखतंय

लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, असं श्यामकांतांबद्दल म्हणायची कुणाची छाती नव्हती. ते जे सांगत तसंच वागत. खरी पंचाईत तीच होती.

केंद्र सरकारच्या नोकरीत बदली होऊन ते १९५१ साली नागपूरहून कलकत्त्याला आले. बालीगंजच्या भाड्याच्या घरात दर रविवारी सकाळी ते मराठी मुलांचा वर्ग घेत. बेहाल्यापासून डमडमपर्यंतची सात-आठ पोरं येत. आपसात बंगालीत भांडत आणि मोडक्यातोडक्या मराठीत उत्तरं देत. शास्त्रात ज्ञानाआधी विवेक लागतो, वैराग्य लागतं, वर्षानुवर्षांची साधना लागते. श्यामकांतांनी पोरांना त्या सगळ्या पायऱ्या गाळून थेट गच्चीवर नेऊन उभं केलं. आपण देह नाही, देहाला पाहणारा आत्मा आहोत, हे कळणं म्हणजे ज्ञान. म्हणून वर्गाचा नियमच होता : 'मला दुखतंय' म्हणायचं नाही, 'देहाला दुखतंय' म्हणायचं. आणि काहीच म्हटलं नाही तर उत्तम.

त्यांची नऊ वर्षांची मंदाकिनी सगळ्यांच्या पुढे. दारात बोट चेमटलं तरी ती हूं की चूं करत नसे. श्यामकांत वर्गात म्हणत, "बघा, हिला कळलंय." त्या तीन शब्दांवर पोर जीव टाकत होती.

ऑगस्टमधल्या एका गुरुवारी ती जेवली नाही. शुक्रवारी पोट धरून वाकून चालू लागली. आईनं, कालिंदीनं, खोदून खोदून विचारलं, तर "काही नाही गं आई."

"अहो, पोरीचं अंग तापलंय. डॉक्टरांना बोलवा," कालिंदी नवऱ्याला म्हणाली.

"ती काही तक्रार करतेय का?"

"करत नाही, त्याचीच तर भीती वाटते मला. तुमचं ते ज्ञान जरा गुंडाळून ठेवा."

श्यामकांत हसले. एक-दोन दिवस बघू, म्हणाले. रविवारी मंदाकिनी भिंतीला टेकून वर्गाला बसली. ओठ पांढरेफटक पडले होते. श्यामकांतांनी तिच्याकडे बोट दाखवून मुलांना सांगितलं, "याला म्हणतात ज्ञान." ती हसली. वर्ग संपल्यावर उठायला गेली आणि तिथंच कोसळली.

"अपेंडिक्स फुटून दोन दिवस झालेत," इस्पितळातले डॉक्टर म्हणाले. "पू पोटभर पसरलाय. अशा कळांनी मोठा माणूस गडबडा लोळतो. ही ओरडली कशी नाही?"

श्यामकांतांना उत्तर ठाऊक होतं. कालिंदीनं त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. चारचौघांत हिनं थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटलं.

ऑपरेशन झालं, पण डॉक्टरांनी आशा सोडली होती. सोमवारी सकाळी मंदाकिनीनं डोळे उघडले.

"बाबा, आज वर्ग नाही ना?"

"नाही गं बाळा."

"मग सांगितलं तर चालेल?"

श्यामकांतांनी मान डोलावली.

"मला दुखतंय," ती म्हणाली. "खूप दुखतंय, बाबा."

दुपारपर्यंत ती तेवढंच म्हणत राहिली. आवाज बारीक बारीक होत गेला, तरी म्हणत राहिली. आणि तिच्या उशाशी बसलेले श्यामकांत दर वेळी म्हणत राहिले, "हो बाळा, तुला दुखतंय. तुलाच दुखतंय."