चूक पोटात घालणारा सात नंबर

“मर्डो सध्या मारतो कसा?” गोल्फच्या सामानाच्या आपल्या दुकानात केननं काउंटरवर हात टेकत विचारलं.

‘मारतच नाही,’ असं मर्डोच्या बायकोच्या, रोनाच्या, अगदी ओठांवर आलं होतं. पण दुकानात आणखी गिऱ्हाइकं होती, आणि स्कॉटलंडच्या त्या किनाऱ्यावरच्या गावात बोललेला शब्द माणसाच्या आधी घरी पोचत असे.

“बरा मारतो,” ती म्हणाली. “चारचौघांसारखा.”

केननं मान डोलावली. मर्डो चालवायचा त्याच बसमधून तो शाळेत गेलेला. हिवाळ्यात मर्डोला अर्धांगाचा झटका आला, बस चालवणं सुटलं, हेही त्याला ठाऊक होतं. हातात पुष्कळशी ताकद परत आली होती. कप धरता येई, बटण लावता येत नसे. गोल्फची पिशवी दारामागे उभी होती आणि मर्डो खिडकीत बसून समोरच्या मैदानावरच्या सोबत्यांचे आवाज ऐकत असे.

त्याला झेपेल असं काही बघायला रोना आली होती. केननं गोल्फच्या लोखंडी डोक्याच्या काठ्यांपैकी दोन आयर्न शेजारी शेजारी ठेवले.

“हा मर्डोकडे आहे तसा. पातळ पात्याचा, कसलेल्या खेळाडूचा. याला चेंडू बरोबर मधोमध लागायला हवा. जरा सरकला, की हाताला झिणझिण्या आणि चेंडू झुडपात. आणि हा बघ. बूड रुंद, पाठ पोकळ, वजन सगळं कडेला. हा चूक पोटात घालतो. दांडाही हलका आहे.”

“फावडं दिसतंय रे.”

“फावडंच आहे. मीसुद्धा हेच वापरतो, बोलू नकोस कुठे. सध्या संचातला हा सात नंबर एकटाच ने. पटला तर बाकीचे बघू.”

घरी मर्डोनं तो उलटासुलटा करून पाहिला.

“म्हाताऱ्यांचा आहे हा. काय सांगितलंस केनला?”

“सांगितलं, चारचौघांसारखा खेळतोस.”

“चारचौघांसारखा!” त्याचा चेहरा लालबुंद झाला. “त्यापेक्षा मेलाय म्हणून सांगायचंस.”

रोना दिवसभर शाळेच्या स्वयंपाकघरात उभी राहून आली होती. इतके महिने धरलेला तोल सुटला.

“रोज सकाळी तुझी बटणं मी लावते, मर्डो. त्याची लाज नाही वाटत, आणि या लोखंडाची वाटते?”

“वाटते,” तो म्हणाला. “रोज वाटते.”

ती किटली भरायला वळली आणि नळ उगाच बराच वेळ चालू राहिला.

रविवारी जेवणं झाल्यावर मैदान रिकामं झालं. ते बघून मर्डोनं टोपी घातली.

“चल.”

चर्चमागच्या सरावाच्या पट्ट्यावर समुद्राचा वारा अंगावर येत होता. पहिला फटका सरळ जमिनीत गेला. दुसरा कडेच्या काटेरी झुडपात. रोना मुद्दाम बोटींकडे बघत राहिली. तिसऱ्या वेळी जो आवाज झाला, तो काही चांगला नव्हता. इतक्या वर्षांच्या संसारात एवढं तिलाही कळायला लागलं होतं. पण चेंडू उठला, वाऱ्यात थोडा कलला, ओढ्यापलीकडे जाऊन गवतात पडला.

मर्डो तिकडेच बघत होता.

“मधे नव्हता लागला,” तो म्हणाला.

“मग?”

“तरी गेला.”

त्यानं आणखी चार-पाच मारले. एक बरा, बाकीचे असेतसेच; पण ओढा बहुतेक सगळ्यांनी ओलांडला. मग तो दमला. रोना सवयीनं चेंडू वेचायला निघाली, तसा त्यानं आयर्न तिच्या हातात दिला.

“तू थांब. मी आणतो.”

ओढ्यावर फळी टाकलेली होती. तिथे तो क्षणभर अडला. रोनाचं पाऊल पुढे पडलं, आणि तिनं ते मागे घेतलं. फळी ओलांडून, उजवा पाय किंचित ओढत, मर्डो ओल्या गवतात वाकून चेंडू शोधू लागला. वेळ लागत होता. रोना वाऱ्यात दोन्ही हातांनी आयर्न धरून उभी राहिली.