पाण्यावर पेटलेली सवत

लोखंडी घमेल्यात राख होती. महाराजांनी तिच्यावर तांब्यातलं पाणी ओतलं, पेटती वात खाली नेली आणि पाणी पेटलं. हातभर उंच, पिवळी, धुरकट ज्वाळा. त्यांनी पुन्हा पाणी ओतलं तर ती विझायची सोडून आणखी उसळली. अंगणात दोनशे माणूस होतं. पुढच्या बाया मागच्यांच्या अंगावर पडल्या, आणि ज्यांचे मोबाइल वर होते त्यांचेही हात खाली आले.

"देखा! पाणीमें आग देखा कभी?" महाराज गरजले. "सात समशानं पालथी घातली, तेव्हा ही विद्या मिळाली. हे हिच्या अंघोळीचं पाणी. हिच्या अंगात जी जळते, तीच या पाण्यात जळते. सविता, बोल! आणखी किती जाळशील?"

'ही' म्हणजे माझ्या धाकट्या भावाची, हिलालची बायको पुष्पा. ती खांबाला टेकून बसली होती. तिची छाती लाल झाली, मग गळा, मग तोंड. बघता बघता कपाळावरून घाम निथळू लागला आणि पोलकं ओलंचिंब झालं. पौषातली सकाळ होती. बाकीच्यांनी अजून शाली सोडल्या नव्हत्या.

मी सुलक्षणा. दीपनगरला राहून एकतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, ज्वलनाचा धडा किती वर्गांना दिला त्याला गणती नाही. पण खरं सांगते, त्या क्षणी माझ्याही अंगावर काटा आला. कारण सविताला जळताना मी पाहिलं होतं.

सविता ही हिलालची पहिली बायको. बावीस वर्षांपूर्वी स्टोव्हचा भडका उडाला आणि ती गेली. पोरबाळ नव्हतं. मी सुटीला आले होते, गोधडी घेऊन धावले, पण उशीर झाला. वर्षभराने पुष्पा या घरात आली, तेव्हा आमच्या रिवाजाप्रमाणे तिच्या गळ्यात सवतीचा टाक घातला गेला. मेलेल्या पहिल्या बायकोची मूर्ती ठोकलेला चांदीचा छोटा पत्रा. दुसरीने तो जन्मभर छातीवर वागवायचा, म्हणजे पहिली शांत राहते. एकवीस वर्षं घासून त्या मूर्तीचे नाकडोळे बुजले होते. चेहरा नसलेली बाई पुष्पाच्या गळ्यात लोंबत होती.

गेले आठ महिने पुष्पाच्या अंगात आग उसळायची. दिवसातून दहा-बारा वेळा. रात्री ती दचकून उठायची, अंथरूण भिजलेलं असायचं, छाती धडधडायची, मग मोरीतल्या ओल्या फरशीवर जाऊन पडायची. आणि ही आग नेमकी तिथून निघायची, जिथे टाक टेकायचा. घरच्यांनी दोन आणि दोन चार केले. सविता जळून मेली, सविता छातीवर आहे, आग छातीतून निघते. एवढा सरळ पुरावा असताना डॉक्टरकडे कोण जातो?

महाराज आले आणि त्यांनी उपायही सांगितला. शनिवारी अमावस्या. टाक काढून त्याच जागी तापल्या विळ्याने डागायचं, की सविता बाहेर. मला हिलालने बोलावलं होतं ते यासाठीच. डागण्याआधी छातीला हळद नणंदेने लावावी लागते म्हणे. आज गुरुवार होता.

गर्दी पांगल्यावर मी चुलीपाशी पुष्पाजवळ बसले.

"पुष्पा, तुले काय वाटस?"

"अक्का, ती खरंच येस." तिने टाकावर हात ठेवला. "आठेथून चढस. पहिले कानमा वारा भरस, मंग आग. मी तिले हात जोडस, म्हनस, बाई, मी तुनं काय बिघाडं?"

"आणि पाळी?"

तिने मान खाली घातली.  मग चुलीकडे बघत म्हणाली, "अकरा महिना व्हयना. तिनीच बंद करी. तिले पोर नही व्हयनं, म्हनीसन मनी कूस बंद करी टाकी."

"वय किती तुझं?"

"पन्नासले एक कमी."

मला माझीच लाज वाटली. एकोणपन्नासाव्या वर्षी, पाळी जाताना, मलाही हेच झालं होतं. शिक्षकांच्या खोलीत पंख्याखालची खुर्ची धरून बसायचे, सहकाऱ्यांवर उगाच खेकसायचे, फळ्याकडे तोंड करून घाम पुसायचे. दोन वर्षं उपचार घेतले, बरी झाले. पण गावाकडे एका शब्दाने कुणाला सांगितलं नाही. बायकांच्या गोष्टी कशाला बोलायच्या, असं मीही म्हटलं. परागकण आणि बीजांड मुलामुलींना एकत्र बसवून शिकवणारी बाई मी. मी बोलले असते तर पुष्पाने आठ महिने एका मेलेल्या बाईला हात जोडले नसते.

तेवढ्यात शेगडीवरच्या पातेल्याकडे माझं लक्ष गेलं. "हे काय उकळतंय?"

"महाराजना काढा. मिरे, सुंठ, लाल मिरची. बैठकना पहिले कढत पेवाना, म्हनजे ती लवकर येस."

येणारच. गरम आणि जहाल पेय पोटात गेलं की अशा बाईला वाफारा, म्हणजे अंगातून गरम लाट, उठतो, हे मला अनुभवाने माहीत होतं. महाराजांनी सविताला वेळेवर हजर राहायची शिस्त लावली होती. मी पातेलं मोरीत ओतलं.

शुक्रवारी मी पुष्पाला चोपड्याला स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. मृणालींकडे नेलं. हिलालने अडवलं नाही. बाई दमलेली आहे, सलाइन लावून आणते, एवढंच मी त्याला सांगितलं होतं. डॉ. मृणालींनी घाई केली नाही. रक्तदाब घेतला, हृदयाचा आलेख काढला, थायरॉइड आणि साखरेसाठी रक्त घेतलं, सोनोग्राफी केली. घरात कुणाला स्तनाचा कर्करोग होता का, कधी पायात रक्ताची गाठ झाली होती का, सगळं विचारलं.

"पुष्पाताई, वय झालं की बीजांडकोश दमतात," त्या म्हणाल्या. "एक संप्रेरक कमी होतं. मेंदूत शरीराचं तापमान सांभाळणारी जागा असते, ती त्यामुळे चुकते. अंग तापलेलं नसताना तिला वाटतं तापलं. मग ती कातडीकडे रक्त सोडते, घाम आणते. म्हणून छाती, मान, तोंड लाल होतं."

"छातीथूनच काब्र?" पुष्पाने टाक मुठीत धरला होता.

"बहुतेकींना तिथूनच जाणवतं. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी बायकांच्या गळ्यात काहीच नसतं, तरी त्यांचा वाफारा तिथूनच चढतो."

पुष्पाने मूठ उघडून टाकाकडे पाहिलं.

डॉक्टरांनी पुढचं समजावलं. तपासण्या ठीक आल्या तर कमी मात्रेत संप्रेरकं देता येतील, देखरेखीखाली. ती चालत नसतील तर दुसऱ्या गोळ्याही आहेत. मशेरी बंद करायची, दिवसाचे सात चहा दोनवर आणायचे, संध्याकाळचं जेवण सौम्य आणि लवकर. सुती कपडे. रोज अर्धा तास झपाझप चालायचं, हाडांसाठी दूध, नाचणी, थोडं ऊन. "वाफारे जातातच, पण आठ महिने सोसायची गरज नव्हती. आणि पाळी वर्षभर बंद राहून पुन्हा रक्त दिसलं तर मात्र त्याच दिवशी या," त्या म्हणाल्या.

घरी येताना बसमध्ये पुष्पाला वाफारा आला. तिने खिडकी उघडली, टाक बाहेर काढून पाठीवर टाकला आणि पदराने वारा घेत बसली. आग तरीही छातीतूनच चढली. ती ते निरखत होती.

हिलालला सगळं सांगितलं, तर तो वखारीतच उभा राहून म्हणाला, "अक्का, तुन्ही डाक्टरीन हुशार शे, माले मान्य. पन पानी कसं पेटनं? हाई सांग."

ते मला सांगता येईना. त्याची ही केळी पिकवायची वखार. अंधारी खोली, हिरव्या घडांची थप्पी, आणि घडांमध्ये खोचलेल्या कागदी पुड्या. त्या पुड्यांना बंदी आहे. हिलाल वापरतो. मी दारात पाऊल टाकलं तशी लसणासारखा उग्र दर्प नाकात शिरला आणि मी जागच्या जागी थांबले. गुरुवारी अंगणात, ऊद आणि धूपाच्या धुरामागे, हाच वास होता.

"हिलाल, वास येतोय?"

"कसाना वास?" त्याने दोनदा नाक ओढलं. "काही नही."

तो खोटं बोलत नव्हता. त्याला खरोखरच येत नव्हता. अर्धं गाव वखारीत, गाडीवर, केळीच्या मालात राबतं. तो दर्प त्यांच्या कपड्यांत आहे, अंथरुणांत आहे, इतकी वर्षं की नाकाने तो सोडूनच दिला. महाराजांनी गाव बरोबर निवडलं होतं. दुसऱ्या कुठल्याही गावात हा खेळ एका श्वासात उघडा पडला असता. मी काही बोलले नाही. बोलले असते तर हिलाल म्हणाला असता, अक्काले वास येस, आमले नही. त्याला डोळ्यांनी दाखवायला हवं होतं. मी फक्त पोलीस ठाण्यात फोन केला.

शनिवारी गर्दी दुप्पट होती. निखाऱ्यात विळा तापत ठेवला होता. पुष्पाला पाटावर बसवलेलं, माझ्या हातात हळदीची वाटी.  ती पुन्हा पुन्हा त्या लाल होत चाललेल्या पात्याकडे बघत होती आणि मला म्हणत होती, "अक्का, तू आठेच थांब."

महाराजांनी घमेल्यात झोळीतली राख पालथी केली. "लाओ, सवत का पाणी लाओ!"

मी वाटी खाली ठेवली. "महाराज, आज पाणी मी ओतते. नणंदेचा मान."

त्यांना नाही म्हणता येईना, मान तर त्यांनीच दिला होता. मी पुष्पाच्या अंघोळीच्या पाण्याला हात लावला नाही. महाराजांच्या आसनाशेजारी त्यांचा प्यायच्या पाण्याचा तांब्या होता, तो उचलून राखेवर रिता केला आणि वात खाली नेली. भडका उडाला.

"हे महाराज सकाळपासून पितायत ते पाणी," मी लोकांना म्हटलं. "म्हणजे सविता आता यांच्या अंगात गेली. बसवा यांना पाटावर. विळा तापलेलाच आहे."

मागून कोणीतरी हसलं. महाराज ओरडले, "अपवित्र! विधी मोडला! आता या घरात मढं पडेल!"

हसू थांबलं.  पुष्पाचं तोंड पांढरंफटक पडलं होतं. ज्वाळा विझून घमेलं निवेपर्यंत मी थांबले, मग ते हिलालपुढे सरकवलं. "हात घाल. थंड झालंय. काय आहे ते तू सांग."

हिलालने घाबरत दोन बोटं घातली. राखेखालचा पांढरट गाळ चोळला, कडेच्या कोरड्या राखेतला एक करडा खडा वर काढला, त्यावर थेंबभर पाणी टाकलं. खडा फसफसला. हिलाल वर बघेना. पावसाळ्यात वखार गळते, पुड्या भिजतात, फरशीवर हाच चुन्यासारखा गाळ साचतो आणि तो स्वतः खराट्याने काढतो.

"हाई ते कार्बाइड शे," तो म्हणाला. "मन्हाच वखारमधलं."

वास ज्यांना आला नव्हता, त्या सगळ्यांना तो गाळ ओळखू आला. कार्बाइडवर पाणी पडलं की वायू निघतो आणि तो पेटतो. जळतो वायू, पाणी नव्हे. मंत्र म्हणा की बाराखडी म्हणा. महाराज वखारीत 'वास्तू बघायला' गेले होते, तिथून पुड्या झोळीत आल्या. राखेत खडे, वर धूप, पोटात मिरच्यांचा काढा. एवढी त्यांची सात समशानं. मोटारसायकलीला त्यांनी किक मारेपर्यंत ठाण्याची गाडी आली. जादूटोण्याविरुद्ध कायदा आहे आपल्याकडे, आणि तो फोन केला तर चालतोही.

लोक उठायला लागले, तेव्हा शेजारची झुंबरबाई काठी टेकत पुढे आली. पंचाहत्तरीची विधवा, कधी मोठ्याने न बोललेली. तिने पुष्पासमोर बसून पदर बाजूला केला. गळ्याखाली, हाडाच्या खाली, विळ्याच्या आकाराचा जुना, आक्रसलेला व्रण होता.

"मनाबी आंगमा चढे बाई," ती म्हणाली. "मले डागं व्हतं. सासूनी धरं, दीरनी डागं."

"मग गई का ती?" पुष्पाने विचारलं.

"कोठे जास? चार वरीस चढतच व्हती." म्हातारीने पदर सारखा केला. "पन मी म्हनी टाकं, गई, गई. नही म्हनती ते परत डागतात."

 ज्या बायका महाराजांना हात जोडून बसल्या होत्या, त्यांतल्या दोघी-तिघींनी नकळत आपल्या गळ्याखाली हात नेला. हिलालने चिमट्याने विळा उचलून हौदात टाकला.

पुष्पाला गोळ्या सुरू होऊन आता तीन महिने झाले. वाफारे दिवसातून एखाद-दोन येतात, झोप लागते. टाक तिने काढलेला नाही. मी म्हटलं, काढून टाक. ती म्हणाली, "ऱ्हाऊ दे, अक्का. तिन्हा काय दोष?" 

पण तुम्हाला सांगायचं आहे ते एवढंच. पन्नाशीच्या आसपास घरातल्या बाईच्या अंगात आग उसळू लागली, तिची झोप उडाली, ती विनाकारण रडू लागली, तर तिच्या पाळीबद्दल विचारा. लाजू नका. तिला डॉक्टरकडे न्या. आणि कुठल्या महाराजाने बाई बरी केल्याचं कोणी छातीठोकपणे सांगितलं, तर त्या बाईला एकटीला गाठून विचारा, की बाई, तू खरंच बरी झाली होतीस, की नुसती गप्प बसलीस?