हिरव्या केबिनची भिंत

थंडीत सुट्या करून ठेवलेल्या, उन्हाळ्यात समुद्रावर बसायच्या लाकडी केबिनी पालिकेच्या माणसांनी एप्रिलमध्ये पुन्हा किनाऱ्यावर उभ्या केल्या, पण सोलांज म्हातारीच्या हिरव्या केबिनची एक भिंत चुकून शेजारच्या फेर्नांच्या निळ्या केबिनला ठोकली. वीस वर्षांचा अबोला विसरून ती तणतणत त्याच्या दारात गेली.

"माझी भिंत ढापलीत? आत्ताच्या आत्ता काढून द्या!"

फेर्नां हातात ब्रश घेऊन उभा होता. आतून सगळं त्याने पांढरंशुभ्र रंगवलं होतं. त्या भिंतीवरची वीतभर पट्टी तेवढी सोडली होती. तिच्यावर सोलांजच्या लेकाच्या, रेमीच्या, उंचीच्या खुणा म्हणून पेन्सिलने मारलेल्या रेघा होत्या: पाच वर्षं, सहा, सात. आठव्या वर्षाची रेघ मारायला पोर राहिलंच नव्हतं.

"काढायला माणसं बोलावू?" फेर्नांने हळूच विचारलं.

"राहू द्या," सोलांज खेकसली. "इथे माझ्यासाठी एक खुर्ची वाढवा."