मंगळवारची चाळीस मिनिटे

मनीषनगरच्या तिसऱ्या फीडरची वीज दर मंगळवारी अकरा दहाला जात असे आणि अकरा पन्नासला परत येत असे.

शहराच्या मालकीच्या नागनदी विद्युत संस्थेत याचे कारण कोणालाच ठाऊक नव्हते. नव्या व्यवस्थापकांनी उपकेंद्राचे ऑपरेटर रुपराव यांना दोषी धरले. येत्या मंगळवारपर्यंत लेखी कारण न मिळाल्यास निलंबन. रुपरावांची निवृत्ती दोन महिन्यांवर होती. चौकशीचे काम अभियंता वैभवीकडे आले.

“काका, स्विच बंद काहून करता?”

“पाटी आहे न, मॅडम.”

स्विचखाली पत्र्याची पाटी होती: मंगळवार, ११.१० बंद, ११.५० चालू.

“कोणी लावली?”

“मी या उपकेंद्रात आलो तवा होतीच. विजेच्या पाटीसंग कोनी वाद घालते काय?”

तीन दिवस भांडार उपसल्यावर वैभवीला एक परमिट सापडले. तारांवर काम करायचे तर आधी वीज बंद ठेवण्याचे परमिट घ्यावे लागे. आणि ज्याने घेतले त्यानेच, काम झाल्याची सही करून, ते परत करावे, असा संस्थेचा स्थापनेपासूनचा नियम होता. हे परमिट १९९६ चे. घेणारा लाइनमन चंपतराव. काम: तारेला टेकलेली कडुलिंबाची फांदी कापणे. वेळ: दर मंगळवारी चाळीस मिनिटे, काम होईपर्यंत. सहीची जागा कोरी.

निवृत्त होऊन शेती करणारे चंपतराव रामटेकला धानाच्या बांधावर भेटले.

“सोमवारी परमिट घेतलं, अन् रातच्याले वादळात झाडच पडलं.”

“मग सही करा, काका.”

“काम झालं असं लिहू कसा, पोरी? फांदी मी कापली नाही.”

“झाडच नाही.”

“म्हनून त कापता आली नाही.”

युक्तिवादात वैभवीला चूक सापडली नाही. मंगळवारी तिने कडुलिंबाचे रोप असलेली कुंडी त्याच तारेखाली ठेवली. अकरा दहाला रुपरावांनी वीज बंद केली. चंपतरावांनी हेल्मेट आणि रबरी हातमोजे चढवून बोटभर फांदी कापली, चष्मा पुसला आणि सही केली.

पुढच्या मंगळवारी अकरा पंधराला मनीषनगरातून पहिली तक्रार आली.

“आज लाइट गेली नाही. काही बिघाड आहे काय?”

वैभवीने मुदतीत दिलेल्या अहवालात कारणाच्या रकान्यात इतकेच होते: झाड पडल्याने फांदी कापता आली नाही. फांदी न कापल्याने काम झाले नाही. काम न झाल्याने परमिट परत आले नाही. परमिट परत न आल्याने वीज बंद ठेवणे नियमानुसार होते. ऑपरेटर निर्दोष.