कडुबाचा गंधार

मनस्विनीबाईंनी पियानोवर चार पट्ट्या एकदम दाबून पहिला स्वरमेळ वाजवला आणि बोटं पट्ट्यांवर तशीच ठेवून त्या बसून राहिल्या. आवाज विरत विरत पार नाहीसा झाला, तरी त्यांना हात उचलवेना.

जेवणाच्या टेबलावर रेकॉर्डिंगचं यंत्र मांडून बसलेल्या चिन्मयने, त्यांच्या भाच्याने, कानांवरचा हेडफोन जरा सरकवला.

"काय झालं, मावशी? आवाज मस्त येतोय."

"मस्त नाही रे. जरा जास्तच मस्त येतोय."

त्यांनी पुढे वाजवायला घेतलं. पहिल्या दोन ओळी साखरेसारख्या विरघळल्या. तिसऱ्या ओळीत सुरावट आपलं घर सोडून दुसऱ्या घरात जाते, म्हणजे तिचा षड्जच बदलतो. त्या वळणावर त्या आल्या मात्र, पियानो असा काही केकाटला की दारात निजलेली मांजर शेपूट फुगवून पळाली.

"अगं आई गं!" चिन्मयने हेडफोन काढून टेबलावर टाकला.

झालं! आता करायचं काय? मनस्विनीबाईंचं हे शेवटचं रेकॉर्डिंग होतं. पन्नास वर्षं त्यांनी देशोदेशी मैफली केल्या, आणि सत्तरी गाठल्यावर गारखेड्यात घर घेऊन आपल्या माहेरच्या गावी परतल्या. पियानो घरात घ्यायला आठ माणसं लागली होती. सोनाटा नावाच्या चार मोठ्या रचनांपैकी तीन ध्वनिमुद्रित होऊन झाल्या होत्या. चौथीचा हा संथ भाग तेवढा राहिला होता, आणि नेमका हाच भाग चाळीस वर्षं त्यांना दाद देत नव्हता. बोटं कधी चुकत नसत, पण सूर जागच्या जागी बसून राहत, पुढे म्हणून सरकत नसत. तरुणपणी केलेली त्याची ध्वनिमुद्रिका त्यांनी घरात लावूसुद्धा दिली नव्हती. त्यात आता डाव्या हाताची अनामिका सकाळी वाकली की दुपारपर्यंत सरळ होत नसे. "मोठं वाजवणं आता आवरतं घ्या," असं डॉक्टर कालच म्हणाले होते. भाड्याचे माइक उद्या सकाळी पुण्यात परत द्यायचे होते, म्हणून चिन्मय सहाला निघणार होता. म्हणजे जे काय व्हायचं ते आजच.

"कालच्या त्या माणसाला बोलाव," त्या म्हणाल्या.

पियानो लावणारा मुंबईचा नेहमीचा कारागीर तापाने आडवा झाला, म्हणून शेजारणीने कडुबाचं नाव सुचवलं होतं. कडुबा देवगाव रंगारीचा. कन्नडपासून करमाडपर्यंतच्या भजनी मंडळांच्या पेट्या तोच दुरुस्त करायचा. "खालचे दोन सूर उतरलेत, तेवढे लावा," असं सांगून, पियानोच्या तारा पिळायची चावी त्याच्या हाती देऊन, मनस्विनीबाई काल डॉक्टरांकडे गेल्या होत्या. संध्याकाळी बोटाला विश्रांती म्हणून पट्टीला हात लावला नाही. चूक झाली ती तिथेच.

कडुबा मुकुंदवाडीला लेकीकडे उतरला होता, तो अर्ध्या तासात आला. टोपी काढून दाराशी उभा राहिला. साठीचा माणूस, पण शाबासकी घ्यायला आलेल्या पोरासारखा चेहरा.

"कसं काय वाटलं, बाई?"

"कडुबा, मी दोन सूर म्हटलं होतं. तुम्ही किती लावलेत?"

"समदे."

"सगळे? अहो, दोनशेच्या वर तारा आहेत!"

"व्हय. दिवस गेला समदा. पर सोडवंना." तो पुढे झाला आणि अगदी हळू, आजाऱ्याची गोष्ट सांगावी तसा बोलू लागला. "बाई, तुमचा गंधार लई चढा व्हता. धैवत तसाच. एकबी सूर चोख नव्हता. एवढं महागाचं वाद्य, आन् हरेक सुरात खोट! ज्यानं आधी लावलं त्याला कान नव्हते का काय? म्या तानपुरा लावून एकेक धुऊन काढला."

चिन्मयने कपाळावर हात मारला. मनस्विनीबाईंना मात्र हसू आवरेना. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. राग यायला हवा होता, तो आलाच नाही.

"ती खोट मुद्दाम ठेवलेली असते हो. या गाण्याला बारा घरं हिंडायची असतात. एका घराचे सूर चोख लावले, की दुसऱ्या घरात भांडण लागतं. म्हणून सगळ्यांत केसभर खोट ठेवायची. मग कुठेही जाता येतं."

कडुबाने जरा विचार केला.

"म्हंजी समद्यांशी गोड बोलायचं, आन् खरं कुणाशीच नाय?"

पन्नास वर्षांत हा प्रश्न मनस्विनीबाईंना कुणी विचारला नव्हता.

"आमचं भजन एकाच घरात बसतं, बाई," तो म्हणाला. "तिथून उठायचं कशाला?"

त्या पियानोकडे वळल्या आणि तो पहिला स्वरमेळ त्यांनी पुन्हा दाबला. गंधार षड्जात असा मुरला होता की कुठे कंप नाही, कुठे धार नाही. जीव तृप्त झाला. इथून खरोखरच कुठे जावंसं वाटत नव्हतं.

"मावशी, साडेनऊ झाले," चिन्मय म्हणाला.

मग कामाला जुंपले सगळे. चिन्मयने फोनवर सूर मोजायचं ॲप लावून दिलं. कडुबाने चावी हातात घेतली आणि स्वतःच्या हाताने लावलेला एकेक सूर बिघडवायला बसला. ॲपमधला काटा म्हणे बरोबर आणि कान म्हणे चूक. दर सुराला त्याचं तोंड कडू काढा प्यायल्यासारखं व्हायचं. मनस्विनीबाई गरम पाण्यात बोट बुडवून समोर बसल्या होत्या.

"ह्यो बी चढवू?"

"चढवा."

"पाप लागंल."

"अर्धं माझ्या नावावर टाका."

दुपारी तो पिठलं-भाकरी पाच मिनिटांत उरकून परत बसला. शेवटची तार लागली तेव्हा साडेतीन वाजले होते. बोट बऱ्यापैकी सरळ झालं होतं. चिन्मयने पंखे बंद केले, खिडक्या लावल्या. कडुबा कोपऱ्यातल्या खुर्चीत अंग चोरून बसला.

मनस्विनीबाईंनी पहिला स्वरमेळ दाबला.

आणि त्यांना ते ऐकू आलं. गंधार चढा होता. अगदी केसभर, पण होता! सूर आतल्या आत थरथरत होता, त्याला धड बसता येत नव्हतं. जन्मभर या स्वरमेळावर त्या ठाण मांडून बसत आल्या होत्या. तो अजून गोल, अजून शांत कसा होईल, याचाच ध्यास. आणि त्या बिचाऱ्याला तर इथे थांबायचंच नव्हतं. त्याला पुढच्या घरी जायचं होतं. तिथेही पूर्ण विसावा नाही म्हणून त्याच्या पुढच्या.

त्यांनी त्याला अडवलं नाही. जाऊ दिलं. तिसऱ्या ओळीतलं वळण आलं कधी आणि गेलं कधी, कळलंही नाही. मधल्या पानावर अनामिका एकदा अडखळली. त्या थांबल्या नाहीत. नऊ मिनिटं ती सुरावट पायी निघालेल्या माणसासारखी, ना घाई ना आळस, चालत राहिली आणि शेवटच्या सुरावर पोचली.

मग चिन्मयने यंत्र बंद केलं.

"मावशी, काय वाजवलंस गं! एक सूर जरा घसरलाय. पुन्हा घेऊ या? वेळ आहे."

"नको. असू दे तो. झालं माझं."

हे बोलताना त्यांचा आवाज इतका हलका होता की चिन्मयने वळून पाहिलं. त्यांनी कडुबाला विचारलं, "कसं वाटलं?"

कडुबा टोपी हातात फिरवत राहिला.

"सूर कच्चे हायेत, बाई. माझं म्हननं बदलनार नाय." मग म्हणाला, "पर लई लांब नेऊन आणलं तुमी."

चिन्मय माइकच्या तारा गुंडाळू लागला. मनस्विनीबाईंनी पियानोवर पडलेली चावी उचलली आणि कडुबापुढे धरली.

"उद्या सकाळी याल का? काल लावला होतात तसा परत लावून द्या."

कडुबाने चावी घेतली नाही. त्याने आधी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं, मग त्यांच्या डाव्या हाताकडे.

"मंग हे आत्ताचं परत वाजायचं नाय."

"ठाऊक आहे मला."

चिन्मयचे हात थांबले. मनस्विनीबाई हसत होत्या.

"नऊला या," त्या म्हणाल्या. "आणि येताना तुमचं एखादं भजन घेऊन या. एका घरात बसणारं."