पोटातले पट्टीलाच ठाऊक

मित्रांनो, माझे सगळे शिक्षण दोन रेघांचे. एक वरची रेघ, एक खालची. त्या दोघींच्या मध्ये तेल असले की इंजिन सुखी. एवढेच मला येते, पण ते पक्के येते. मी एका जुन्या ट्रकच्या इंजिनात राहते. तेल मोजण्यासाठी बारीक नळीतून आत सोडलेली लांब, लवचीक पोलादी पट्टी म्हणजे मी. शिकलेले लोक मला डिपस्टिक म्हणतात. आमचे मालक नुसते पट्टी म्हणतात आणि मला तेच आवडते.

कारखान्यात माझ्यासारख्या शेकडो जणी एका दिवसात तयार झाल्या. पोलादाची पात कापली, टोकाला दोन रेघा ठोकल्या, वर बोट अडकवायला कडी लावली, की निघाली पट्टी. माझे नशीब थोर म्हणून मला हे मालक मिळाले. ट्रक त्यांचाच आणि चालवायचेही तेच. रोज सकाळी बसण्याआधी ते मला बाहेर ओढत, फडक्याने पुसत, पुन्हा बुडवत आणि मग उजेडात धरून बघत. "पहिल्यांदा काढलेली पट्टी काहीबाही बडबडते. पुसून बुडवली की खरं बोलते," असे ते म्हणत. मला थोडा राग यायचा, पण खोटे नव्हते ते. मग तेलाचा थेंब दोन बोटांत चोळून म्हणत, "पोट साफ आहे गाडीचं." तेवढ्या कौतुकावर माझा दिवस जाई.

इंजिनाच्या डोक्यावर आमचे एक शेजारी बसतात, तेल ओतायच्या तोंडाचे झाकण. जो तो आधी त्यालाच उघडून बघतो, म्हणून स्वारीला वाटते की इंजिन आपणच चालवतो. राईचा पर्वत करण्यात त्याचा हात कोणी धरणार नाही. हे आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढे सगळा घोळ त्याच्यामुळेच झाला.

झाले असे. माल बांधताना दोर तुटला आणि मालक ट्रकवरून खाली पडले. मांडीचे हाड मोडले, शस्त्रक्रिया झाली. घरी आणल्यावर वरच्या मजल्यावर, खिडकीजवळच्या खाटेवर त्यांना झोपवले. आम्ही खाली अंगणात. दोन महिन्यांनी डॉक्टर म्हणाले, हाड जुळले आहे, आता कुबड्या घेऊन चाला. पण मालक काही उठेनात. चार पावले टाकली की घाम फुटे आणि ते पुन्हा आडवे होत.

मालकीणबाईंना गाडी चालवता येत नाही, किल्ली तेवढी फिरवता येते. एका सकाळी बॅटरी जिवंत आहे का बघायला त्यांनी इंजिन चालू केले. तो आवाज ऐकून वर मालक उठून बसले आणि कित्येक दिवसांनी त्यांनी आपणहून चहा मागितला. हे मला कसे कळले म्हणाल, तर मालकीणबाई केबिनमध्ये बसल्या की स्वतःशी बोलतात. त्या दिवसापासून नेम ठरला. रोज सकाळी बरोबर दोन मिनिटे इंजिन चालू, मग बंद. "गाडीही गंजायची नाही आणि माणूसही," त्या म्हणत.

त्यांची माया मला दिसत होती. पण आत काय चालले होते तेही दिसत होते. इंजिनात इंधन जळले की थोडी वाफ होते. गाडी लांब पल्ल्याला गेली की सगळे तापते आणि ती वाफ बाहेर निघून जाते. दोन मिनिटांत काय तापणार? वाफ थंड लोखंडाला धरायची, तिचे थेंब व्हायचे आणि ते तेलात घुसळले जायचे. रोज थोडे थोडे. मी मूग गिळून बसले होते, कारण तीन महिने मला कोणी बाहेरच काढले नव्हते.

मग एके दिवशी तेल घालावे म्हणून मालकीणबाईंनी झाकण उघडले. आतून पांढरट पिवळा, सायीसारखा चिकट थर. त्या घाबरल्या. कोपऱ्यावर जुन्या गाड्यांची खरेदी-विक्री करणारा एक दलाल राहतो, त्याला त्यांनी बोलावले. त्याने झाकणात बोट घातले आणि मान हलवली.

"पाणी आणि तेल वेगळं ठेवणारं हेड गॅसकेट गेलं. रेडिएटरचं पाणी तेलात उतरलंय. इंजिन संपलं म्हणा वहिनी. शनिवारी ओढून नेतो, येईल ती किंमत घ्या."

शितावरून भाताची परीक्षा करतात म्हणे. याने तर झाकणावरून केली. मी दोन हातांवर होते, मला कोणी विचारले नाही.

तो गेल्यावर मालकीणबाई केबिनमध्ये बसून रडल्या. "मीच मारलं हिला. आता त्यांना काय सांगू?" एवढेच पुन्हा पुन्हा म्हणत राहिल्या. गाडी गेली तर मालक कशासाठी उठतील, हा त्यांचा खरा घोर होता. दुसऱ्या दिवशी त्यांनी किल्ली फिरवली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. पण शुक्रवारी त्यांना राहवले नाही आणि त्यांनी मालकांच्या जुन्या मिस्त्रींना बोलावले.

मिस्त्री मितभाषी. त्यांनी झाकण पाहिले आणि बाजूला ठेवले. मग सरळ माझ्या कडीत बोट घातले. मित्रांनो, तीन महिन्यांनी मी उजेड पाहिला. त्यांनी मला पुसले, बुडवले, पुन्हा काढले. तेल दोन्ही रेघांच्या मध्ये होते.

"रेडिएटरचं पाणी आत आलं असतं तर हे वरच्या रेघेच्या वर चढलं असतं," ते म्हणाले. "इतक्यात रेडिएटरमध्ये पाणी घातलंत?"

"एकदाही नाही."

त्यांनी रेडिएटर उघडला. काठोकाठ भरलेला, वर तेलाचा तवंगही नाही. मग एक पत्रा तापवून त्यावर माझ्या टोकाचा थेंब टाकला. थेंब जरासा तडतडला आणि गप्प झाला.

"पाणी आहे, पण थोडं. रोज किती वेळ चालू ठेवता?"

"दोन मिनिटं."

"हं. हे दव आहे वहिनी. भांड्यावर झाकण ठेवलं की खाली पाणी जमतं ना, तसं. तापतच नाही बिचारी. रोजचं हे चालू-बंद थांबवा."

मालकीणबाईंनी वरच्या खिडकीकडे पाहिले. मग म्हणाल्या, "मग सकाळी त्यांना काय ऐकवू?"

मिस्त्रींनी पाना उचलला. गाडीखाली जाऊन त्यांनी तेल काढायचे बूच उघडले. आधी चमचाभर पाणी आले, मागून गढूळ तेल. झाकण आणि वाफ बाहेर जाण्याची नळी त्यांनी डिझेलने धुतली. नळी त्या सायीने जवळजवळ बुजली होती. तेलाचा फिल्टर बदलला आणि नवे तेल ओतले. "तरी शपथ घेऊन सांगत नाही," ते म्हणाले. "ओझं घालून दीड तास चालवू. परत दूध दिसलं, तर मात्र इंजिनाचं हेड उघडावं लागेल." आणि तेवढी ऐपत घरात राहिली नव्हती.

इतक्यात जिन्यात खडखड झाली. मालक दारात उभे होते. दोन काखांत दोन कुबड्या, अंगरखा घामाने भिजलेला.

"विकलीस?" त्यांनी विचारले. "तीन दिवस आवाज नाही. मला सांगायचं तरी."

"नाही हो विकली." आणि मग मालकीणबाईंनी सगळे सांगितले. दोन मिनिटे, साय, दलाल. "तुमच्या गाडीचं मी वाटोळं केलं," त्या म्हणाल्या.

मालक पायरीवर टेकले. "अगं, वाटोळं कसलं? तो आवाज ऐकला की मला वाटायचं, गाडी चालतेय, म्हणजे माझंही चाललंय. मग कशाला उठायचं? या गाडीसारखंच झालं माझं. चालू होतो, पण हलत नव्हतो."

त्यांना केबिनमध्ये चढवताना मिस्त्रींचा दम निघाला. वाळूची पोती भरून, मिस्त्रींच्या हाती चाक देऊन आम्ही निघालो. चढ आला, इंजिन तापले, आणि कितीतरी दिवसांनी माझ्या अंगाला खरी ऊब लागली. परत आल्यावर तेल खाली बसेपर्यंत दहा मिनिटे थांबलो. मग मालकांनी मला ओढले. पुसले, बुडवले, काढले आणि मालकीणबाईंच्या हातात दिले.

"तूच बघ."

त्यांनी बघितले. तेल स्वच्छ, मधाच्या रंगाचे. त्यांचा जीव भांड्यात पडला आणि माझाही. शनिवारी दलाल दोरखंड घेऊन आला, तसाच परत गेला. आता आठवड्यातून एकदा आम्ही तासभर तरी फिरतो. मालक अजून चालवत नाहीत, शेजारी बसून मिस्त्रींच्या चुका काढतात.

तेव्हा मित्रांनो, वरचे झाकण बघून कोणाचा निकाल लावू नका. आणि ज्याच्यावर तुमचा जीव आहे, मग ते यंत्र असो की माणूस, त्याला नुसते जागे करून सोडून देऊ नका. त्याला बाहेर काढा, थोडे ओझे उचलू द्या, नीट तापू द्या. त्या दिवशी मालकांना चौदा पायऱ्या उतरायला पंचवीस मिनिटे लागली. तेवढी वाट बघा.